मामांचं शून्य

हॉस्पिटलातल्या कॉम्प्युटरच्या जाळ्याची सगळी जबाबदारी तिच्या एकटीवर होती. हुद्दाही चांगला लांबलचक होता. पण लिफ्टमनपासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे तिला एकच हाक मारायचे, ‘भाची’. मामांची भाची. हे जाळं उभं केलं मामांनी, आणि तिला इथे चिकटवलं तेही मामांनीच. मामा रिटायर होऊन वर्षं लोटली, तिचे कानाजवळचे केस पांढरे व्हायला लागले, तरी ते ‘भाची’ काही सुटेना. तोंडावर कोणी काही बोलत नव्हतं म्हणा. पण हाक मारताना माणूस कुठल्या बाजूच्या गालात हसतोय ते कळतंच की.

आणि आता तेच मामा याच हॉस्पिटलात, जुन्या इमारतीतल्या हृदयाच्या वॉर्डात, तीन नंबरच्या पलंगावर पडून होते.

झटका मोठा होता, पण निभावले होते. डॉक्टरांनी तिला आणि तिच्या आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, ‘ठोका अजून भरवशाचा नाही. मधेच बिघडू शकतो. बिघडला की आम्हाला लगेच कळलं पाहिजे, बस्स. कळलं तर आम्ही सांभाळून घेऊ.’ आईनं ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. मामा तिचा पाठचा भाऊ, हातावर वाढवलेला. भेटेल त्याला ती सांगायची, ‘लगेच कळलं पाहिजे म्हणालेत. आणि कळणारच, माझी मुलगीच तर बघते ते सगळं.’

वॉर्डाची रीत अशी, की पलंगाजवळच्या मॉनिटरचे आवाज बंद ठेवायचे. चार हृदयाचे पेशंट, एकाचं यंत्र ओरडलं की बाकीच्या तिघांचे ठोके वाढणार. म्हणून चारही मॉनिटर मुके. त्यांचे आकडे तारेवरून दाराबाहेरच्या काउंटरवर जायचे आणि काही बिनसलं की ओरडायचं ते काउंटरवरच्या स्क्रीननं. स्क्रीन जुनाट, त्यावर ठोक्यांच्या लाटाबिटा काही नाहीत, चार पलंगांचे चार मोठे हिरवे आकडे. रीत चांगली होती. फक्त ती सगळी त्या तारेच्या भरवशावर उभी होती, आणि नेमकं जाळंच हल्ली अंगात आल्यासारखं करत होतं.

म्हणजे काय व्हायचं, तर चालता चालता अख्खं हॉस्पिटल थबकायचं. औषधांच्या खिडकीत बिल अडकायचं, एक्स-रेचा फोटो अर्धाच उतरायचा आणि काउंटरवरचे हिरवे आकडे होते तिथेच थिजायचे. थोड्या वेळानं सगळं आपोआप सुरू. सिस्टरांना त्याची इतकी सवय झाली होती, की आकडे थिजले तरी कोणी मान वर करत नसे. ‘येईल गं परत, नेहमीचंच आहे ते!’

एकदा सकाळी ती काउंटरपाशी उभी असतानाच ते झालं. तीन नंबरवर बहात्तर होतं. बहात्तरच राहिलं. ती बघत राहिली, आकडा हलेना. त्या आकड्यामागे आत्ता काय चाललंय ते त्या क्षणी जगात कोणालाच माहीत नव्हतं. ती धावत आत गेली, तर मामा उशीला टेकून सफरचंदाची फोड खात होते.

‘काय गं चिमणे, वाघ मागे लागलाय का?’

तिला हसावं की रडावं कळेना. काउंटरवर मोठ्या सिस्टर म्हणाल्या, ‘भाची, दर वेळी असं धावलात तर तुम्हालाच एक पलंग द्यावा लागेल हं.’ बाकीच्या फिदीफिदी हसल्या. तिनं तिथल्या तिथे ठरवलं, हे आता बंद करायचं. काहीही करून.

दोष शोधायला फार वेळ लागला नाही. जाळं म्हणजे स्विच नावाचे डबे आणि त्यांना जोडणाऱ्या तारा. दिवा लावायचा स्विच नव्हे हं, हे कपाटात राहणारे आणि मिणमिणणारे. एक तार तुटली तर दुसरी असावी म्हणून तारा जास्तीच्या टाकतात, आणि गोम तिथेच असते. जास्तीच्या तारांनी वाटा गोल होतात, आणि गोल वाटेवर सुटलेला निरोप फिरतच राहतो, एकाचे दोन, दोनाचे चार होत, शेवटी सगळं जाळं गुदमरेपर्यंत. म्हणून हे डबे आपसात एक म्होरक्या ठरवतात. त्याला म्हणायचं रूट. वाटा रूटपासून मोजायच्या आणि जास्तीच्या मिटून ठेवायच्या. रूट बंद पडला, की नवा ठरेपर्यंत सगळे जागच्या जागी गप्प.

रूट ठरतो आकड्यावरून. ज्याचा आकडा लहान, तो मोठा. आकडे सारखे निघाले, तर ज्याचा कारखान्यातला क्रमांक लहान तो, म्हणजे बहुतेक करून सगळ्यांत म्हातारा.

तिनं नव्या इमारतीतल्या ताकदवान, कोऱ्या स्विचला विचारलं, तुझा रूट कोण? त्यानं जो पत्ता दिला तो बघून ती खुर्चीत मागे रेलली. जुन्या इमारतीतला मामांचा डबा! एके काळी सगळं जाळं तिथूनच निघायचं. नवी इमारत झाली, नवी कपाटं आली, पण म्होरकेपण काही त्या डब्याकडून गेलंच नव्हतं. आता तो म्हातारा तापून तापून मधेच मूर्च्छा येऊन पडायचा आणि पुन्हा उठायचा. तो पडला की हॉस्पिटल थांबायचं, आणि उठला की ‘मी आलो’ म्हणून सगळ्यांना पुन्हा थांबवायचा.

तिनं नव्या स्विचचा आकडा कमी करून बघितला. आणखी कमी केला. शेवटी शून्य केला. रूट हलला नाही. मामांनी आपल्या डब्याला कधीच शून्य देऊन ठेवलं होतं. शून्याखाली आकडाच नाही, आणि बरोबरी झाली की म्हातारा जिंकणार. तिला एकीकडे हसू आलं आणि एकीकडे तळपायाची आग मस्तकात गेली. रिटायर झाला, पलंगाला खिळला, तरी खुर्ची सोडायला तयार नाही हा माणूस!

डब्याशी लांबून बोलायची सोय मामांनी कधी केलीच नव्हती. त्याच्यासमोर बसून, लॅपटॉपची तार त्याच्यात खोचूनच त्याचा आकडा बदलता येत होता. आणि तो होता कुठे, तर हृदयाच्या वॉर्डात, फॉल्स सीलिंगच्या वर. अगदी बरोबर सांगायचं तर तीन नंबरच्या पलंगाच्या डोक्यावर.

‘छत उघडायचं?’ मोठ्या सिस्टरांनी चष्म्यावरून बघितलं. ‘वरून इतक्या वर्षांची धूळ पेशंटच्या तोंडावर पडू दे म्हणता? पलंग हलवायलाही जागा नाही, चारही भरलेत. तीन नंबर परवा साध्या वॉर्डात जातोय. पलंग रिकामा झाला की खुशाल उघडा.’

‘परवापर्यंत थांबायचं?’

‘तुमचेच मामा आहेत ना? मग घाई कसली?’

घाई तीच तर होती, ते सिस्टरांना कसं सांगायचं? आज सकाळपासून डबा तीनदा पडला होता. मोठ्या साहेबांनी फोनवर झाप झाप झापलं होतं, आणि शेवटी ठेवणीतला टोला, ‘मामांना विचारा हवं तर, त्यांच्या वेळी हे असं नव्हतं.’ आईनं दोनदा विचारलं होतं, आकडे थांबतात म्हणे, खरं का गं? आणि परवा म्हणजे मधे उद्याचा अख्खा दिवस. त्या दिवसात आकडे थिजतील नेमका त्याच वेळी ठोका बिघडणार नाही, हे कोणी लिहून देणार होतं का?

ती पलंगाशी गेली. मामा उताणे पडून छताकडे बघत होते.

‘तुझा डबा आहे ना वर?’ ती म्हणाली. ऑफिसात ती त्यांना ‘सर’ आणि ‘तुम्ही’ म्हणायची, पण पलंगावरच्या माणसाला कुठलं सर!

‘आहे. घरघरतो हल्ली. पंखा गेलाय त्याचा.’ मामा हसले. ‘माझी खुर्ची ओढायला आलीस वाटतं.’

‘ओढते, पण सुटेना. शून्य देऊन बसलायस.’

‘मग काय करणारेस?’

‘पहारा बसवते. दोन्ही दारांवर.’

पहारा म्हणजे शेजारच्या स्विचना द्यायचा हुकूम. या दारातून कोणी ‘मी रूट’ म्हणत आला, की ते दार बंद. जुन्या डब्याला बाहेर जायच्या तारा दोनच होत्या. दोन्ही दारं लागली, की तो आपला आत एकटा बसेल आणि बाहेर नवा रूट निर्वेध राज्य करेल.

मामांचं हसू मावळलं. त्यांनी तिचं मनगट धरलं. हात गार होता. ‘चिमणे, दार लावशील ते लाव. पण आधी छत उघडून डोळ्यांनी बघ, माझ्या डब्याला कोण कोण लटकलंय ते. दार लागलं की आतली माणसंही आतच राहतात.’

‘कोणी नाहीये रे आत. वॉर्डाचं सगळं दोन वर्षांपूर्वी भिंतीतल्या नव्या कपाटात हलवलंय. माझ्या नकाशात आहे.’

‘नकाशा कोणी काढला?’

‘मीच काढलाय.’

‘बघून?’

ठेकेदारानं सांगितलं होतं, ‘सगळं हलवलं मॅडम, एकूण एक.’ त्यावरून काढला होता. पण हे मामांना सांगायचं म्हणजे पुन्हा शिकाऊ मुलगी होऊन त्यांच्या टेबलासमोर उभं राहायचं. नेहमीचंच आहे यांचं, तिला वाटलं. घरात लग्न ठरो की ऑफिसात तार टाकायची असो, यांनी बघितल्याशिवाय ते झालं असं नाहीच.

‘बघते,’ ती म्हणाली आणि मनगट सोडवून घेतलं.

बघितलं तिनं, नाही असं नाही. जागेवर जाऊन शेजारच्या स्विचला विचारलं, या दारापलीकडे कोण कोण आहे? उत्तरादाखल पानंच्या पानं नावं आली. अर्धं हॉस्पिटल! आता रूट मधोमध बसलेला, म्हटल्यावर सगळी ये-जा त्याच्याच अंगणातून होणार. त्या गर्दीत त्या घरात राहणारे कोण आणि नुसते अंगणातून जाणारे कोण, ते कसं ओळखायचं? तिनं नकाशा उघडला. नकाशात त्या घरात कोणी राहत नव्हतं. म्हणजे सगळे वाटसरू. तिचा हात क्षणभर थांबला. मामांचा गार हात आठवला. आणि लगेच मोठ्या साहेबांचा तो टोलाही आठवला.

दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत गर्दी कमी असताना, तिनं नव्या स्विचचं शून्य तसंच ठेवून दोन्ही दारांवर पहारा बसवला. हॉस्पिटल एकदाच थबकलं आणि पुढे निघालं. तिनं विचारलं, रूट कोण? नव्या स्विचनं सांगितलं, मी.

ती आळशी नव्हती, हे तिच्या शत्रूनंही कबूल केलं असतं. औषधांची खिडकी बघितली, एक्स-रे बघितला आणि स्वतःच्या पायांनी जुन्या इमारतीत जाऊन वॉर्डाच्या काउंटरवरची स्क्रीन बघितली. चार पलंग, चार हिरवे आकडे. एक नंबर चौऱ्याऐंशी, दोन नंबर सहासष्ट, तीन नंबर बहात्तर, चार नंबर नव्वद. सगळे जागच्या जागी.

‘मघाशी जरा थांबल्यासारखं झालं हो,’ मोठ्या सिस्टर म्हणाल्या. ‘पण आकडे आहेत.’

‘ते शेवटचं थांबणं. आता नाही थांबणार.’

आत डोकावायला ती वळली होती, पण जेवणानंतर पेशंटना झोपवलेलं, पडदे ओढलेले. ‘झोपू द्या हो त्यांना,’ सिस्टर म्हणाल्या, म्हणून ती तशीच कँटीनमध्ये गेली. आई तिथे डबा उघडून बसली होती.

‘कसा आहे गं?’

‘बहात्तर. एकदम छान. आणि आई, झालं बरं का ते काम. आता आकडे अडकायचे नाहीत.’

आईनं तिच्या गालावरून हात फिरवला. ‘मामाला सांगितलंस? खूश होईल तो. तोंडावर म्हणायचा नाही, पण मला फोनवर सांगत असतो ना, माझ्यापेक्षा हुशार निघाली म्हणून.’

‘काहीतरीच!’

‘अगं, शप्पथ. मोठ्या साहेबांना म्हणे त्यानंच सांगितलं होतं, आता भाची बघेल, मला विचारायला येऊ नका.’

पुढचा घास तिला गोड लागला. कितीतरी दिवसांनी त्या दोघी पोटभर जेवल्या, मग चहा घेतला, चहावर गप्पा झाल्या. आई मामांच्या लहानपणच्या उचापती सांगत होती, त्यांनी घरातला रेडिओ उघडून कसा परत जोडला आणि दोन स्क्रू उरले ते कसे गुपचूप गिळले. दोघी हसून हसून बेजार झाल्या.

भेटायच्या वेळेला दोघी वॉर्डाकडे निघाल्या. बोळात समोरून चाकांची खाट आली. तिच्यावर एक नंबरच्या आजी, पांघरूण गळ्यापर्यंत, वॉर्डबॉय ढकलत होता.

‘कुठे निघाली स्वारी?’ आईनं विचारलं.

‘निघाली कुठली, परत चाललेय,’ आजी म्हणाल्या. ‘फोटो काढायला नेलं होतं खाली. तासभर ताटकळले. त्या छातीच्या वायरी काढल्या तेवढं मात्र बरं वाटलं बाई.’

आई हसली. भाची पुढे गेली होती. काउंटरवर सिस्टर रिपोर्ट लावत होत्या. ‘काय हो भाची, आज तर एकदाही ओरडली नाही स्क्रीन,’ मोठ्या सिस्टर कौतुकानं म्हणाल्या. ‘नाहीतर चार नंबर नुसता कुशीवर वळला तरी बोंबलायची. हाताला गुण आहे बाई तुमच्या.’

तिनं स्क्रीनकडे बघितलं. एक नंबर, चौऱ्याऐंशी.

आजी तिच्या मागे बोळात होत्या. वायरी काढलेल्या. तासभर.

चौऱ्याऐंशी, सहासष्ट, बहात्तर, नव्वद. मघाचेच. एकूण एक मघाचेच. तिनं आकडे आहेत का ते बघितलं होतं. हलतायत का ते बघितलंच नव्हतं.

ती कशी धावली ते तिला आठवत नाही. पडदा बाजूला केला. मामा उताणे होते, तोंड छताकडे, डोळे अर्धे उघडे. पलंगाजवळच्या मुक्या मॉनिटरवर एक सरळ रेघ जात होती आणि कोपऱ्यातला लाल दिवा आवाज न करता लुकलुकत होता. किती वेळ लुकलुकत होता, देव जाणे. ती ओरडली. सिस्टर धावल्या, डॉक्टर धावले, पडदा ओढला गेला. आत बराच वेळ धडपड चालली. मग ती थांबली.

डॉक्टर बाहेर आले आणि आईपुढे उभे राहिले. कळलं असतं तर, असं काही ते म्हणाले नाहीत. नुसती मान खाली घातली.

सिस्टरांनी उरलेल्या तिन्ही मॉनिटरचे आवाज चालू केले आणि प्रत्येक पलंगाशी एकेक जण बसवली. वॉर्ड टिक टिक आवाजांनी भरून गेला. मामांना नेलं. मोठ्या सिस्टर तिच्याजवळ आल्या. त्यांचा आवाज फाटला होता, तरी जे बोलायचं ते त्या बोलल्याच. ‘माझ्या तीन पेशंटच्या तारा आधी जोडून द्या. उघडा छत आता. पलंग रिकामा झालाय.’

शिडी आणली, चादरी अंथरल्या. तिनं फळी सरकवली, तशी धूळ तिच्या तोंडावर पडली. आत मामांचा डबा घरघरत होता, हात ठेववेना इतका तापलेला. त्यातून चार तारा निघून भिंतीतून खाली गेल्या होत्या, चार पलंगांकडे. ठेकेदाराचा हात तिथवर कधी पोचलाच नव्हता. आदल्या दिवशी ही एक फळी सरकवली असती, तर बस्स होतं.

तिनं लॅपटॉपची तार खोचली आणि डब्याला विचारलं, रूट कोण?

मी, डबा म्हणाला. दोन्ही दारं बंद, बाहेर ऐकणारं कोणी नाही, आणि तो आत बसून चार पलंगांचे ठोके गोळा करत होता, दुपारपासून, एकही न चुकता.

तिनं मामांचं शून्य पुसलं आणि तिथे असेल नसेल तो मोठा आकडा टाकला. डब्यानं मुकाट्यानं घेतला. आता तो कोणाचा म्होरक्या नव्हता, म्हटल्यावर पहाऱ्याला त्याच्याविरुद्ध काही काम उरलं नाही, आणि दोन्ही दारं आपोआप उघडली.

आई काउंटरपाशी उभी होती. मामांना नेलं तेव्हाही ती तिथून हलली नव्हती. स्क्रीनवरच्या तिसऱ्या आकड्यावर, अजून तिथेच थिजलेल्या बहात्तरवर, तिनं नजर रोवली होती, आणि तिला तिथून बाजूला घ्यायची कोणाची छाती झाली नव्हती. खालून तिचा आवाज आला, अगदी साधा, घरात दिवे गेल्यावर विचारावं तसा.

‘बहात्तर गेलं गं,’ आई म्हणाली. ‘तू काही केलंस का?’